धार बिघडल्याचं वहिनीला आधी ऐकू आलं होतं

प्रति,
संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

लघवीचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून अडथळा आहे का ते ओळखायचं, अशी बातमी तुमच्या आरोग्याच्या पानावर आली आणि रामकुंडाजवळच्या आमच्या सकाळच्या कट्ट्यावर ती मोठ्याने वाचली गेली. अर्धा तास नुसता हशा. कोण म्हणे रिंगटोन ठेवा, कोण म्हणे गाण्याच्या स्पर्धेत पाठवा. हसणाऱ्यांत निम्मे साठीच्या पुढचे आणि त्यातले तीनचार जण तिथून घरी पोचेपर्यंत दोनदा आडोसा शोधणारे, हे मला पक्कं माहितीये कारण त्यातला एक मी आहे. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण पाण्याच्या जारचं लिहिलंय तेवढं ठेवा.

पंचवटीत चाळीस वर्षं माझा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्नं, सभा, हरिनाम सप्ताह, गणपती, सगळं केलं. डॉक्टर नाहीये मी, पण आवाज काय चीज आहे ते हाताखालून गेलंय. आणि दुसरं कारण म्हणजे माझा थोरला भाऊ.

दादा ६८ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी थंडीत सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या आणल्या, तीन दिवस खाल्ल्या, आणि तिसऱ्या रात्री लघवी बंद. कमी नाही, बंदच. पोट ढोलासारखं ताणलेलं, माणूस भिंतीला डोकं टेकवून उभा, बसवेना झोपवेना. पहाटे चारला रिक्षा काढली, प्रत्येक स्पीडब्रेकरला दादाचा आवाज ऐकवत नव्हता. नळी घातली तेव्हा पिशवीत ९०० मिली उतरली. आपल्याला ४००-५०० मिली साठलं की जोरात लागते, म्हणजे दुप्पट अडकलेली. डॉक्टर म्हणाले प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाशी पुरुषांना असते ती ग्रंथी, वाढलेली होतीच, सर्दीच्या काही गोळ्यांनी तिथला स्नायू आवळतो आणि काहींनी मूत्राशय सुस्त पडतं, अर्धा बंद दरवाजा त्याने पूर्ण बंद झाला.

मग त्यांनी विचारलं, काका, आधी धार कशी होती? दादा म्हणतो, "चांगली होती की."

दारातून वहिनी म्हणाली, "कसली चांगली! दीड वर्ष झालं, नळ नीट बंद न केल्यासारखा आवाज येतो."

आमचं घर म्हणजे जुन्या वाड्याचा तुकडा, मोरी आणि स्वयंपाकघर यांत एकच भिंत. वहिनी सकाळी चहा ठेवते तेव्हाच दादा मोरीत जातो, तीस वर्षांचा रिवाज. तिने डॉक्टरांना सांगितलं ते जवळपास असं, आधी गेल्यागेल्या सुरू व्हायचं आणि धो धो, मग सुरू व्हायलाच वेळ लागायला लागला, मग मधेच थांबायचं आणि परत सुरू व्हायचं, आणि आता चहाला दोन उकळ्या येऊन गेल्या तरी ह्यांचं ठिपठिप चालूच. डॉक्टरांनी लिहून घेतलं. नंतर त्यांनी आम्हाला सात प्रश्नांचा एक फॉर्म दाखवला, प्रत्येकाला शून्य ते पाच मार्क, एकूण ३५, आठपासून मध्यम त्रास आणि वीसपासून जास्त. त्या सातातल्या तिनांची उत्तरं वहिनीने भिंतीपलीकडून दिलेली होती. ज्याची लघवी त्याला पत्ता नाही! खरं म्हणजे पत्ता होता, सांगायची लाज होती. रात्री चारदा उठतो ते साखरेमुळे असेल असं स्वतःला सांगायचं आणि गप्प बसायचं, आपल्याकडे पुरुषांचं हे असंच चालतं.

म्हणजे रेकॉर्डिंगची आयडिया वेड्याची नाही, आमच्या घरात मशीनशिवाय चाललेलीच होती. आणि नवीनही नाही. धार मोजायचं पहिलं यंत्र विलार्ड ड्रेक नावाच्या डॉक्टरने १९४८ साली केलं, आणि धारेचा आवाज नोंदवून निदानाला वापरायचा प्रयोग अमेरिकेत १९६६ मध्येच छापून आलाय, तेव्हा आपल्याकडे ट्रान्झिस्टर म्हणजे अप्रूप होतं. पुढे युरोपातल्या चेक देशाच्या लोकांनी मोबाईलवर करून बघितलं, २०१५ ला, धडधाकट पुरुषांवर, तर लघवीला किती वेळ लागला ते मशीनशी छान जुळलं पण वेगाचे आकडे तितके जुळले नाहीत. आणि २०२२ मध्ये सिंगापूरच्या डॉक्टरांनी अॅमस्टरडॅमच्या परिषदेत सांगितलं की ५३४ पुरुषांचे आवाज घेऊन कॉम्प्युटरला शिकवलं, बिघडलेली धार ओळखण्यात ते मूत्ररोगाच्या डॉक्टरांच्या मताशी ८४ टक्के जुळलं. तुमच्या बातमीत हे ८४ मोठ्या टाइपात होतं. पण ते आवाज घेतले होते बाहेरचा आवाज आत येणार नाही अशा खोलीत, हे बातमीत कुठेच नव्हतं, आणि माझ्यासारख्या माणसाला नेमकं तेच टोचतं.

आधी मशीनचं सांगतो कारण दादाच्या वेळी मी ते जवळून बघितलं. युरोफ्लो म्हणतात. नाव भारी, पण आत काय, तर वर नरसाळं, खाली भांडं आणि भांड्याखाली काटा, किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा असतो तसाच. दर सेकंदाला वजन किती वाढलं ते बघतो, लघवीचं एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिली, झाला हिशोब. कागदावर रेघ येते. चांगल्या धारेची रेघ टेकडीसारखी, पटकन चढते आणि पटकन उतरते. प्रोस्टेटवाल्याची बुटकी आणि लांबलचक, शेपूट काही संपत नाही. लघवीची नळीच आतून आकसलेली असेल तर रेघ वर जाते आणि आपल्या सप्तशृंगीकडच्या डोंगरांसारखी वरून सपाट चालते. कुंथून करणाऱ्याची करवतीसारखी. पुरुषाची सगळ्यात जोराची धार सेकंदाला १५ मिलीच्या वर गेली तर बहुतेक ठीक, १० च्या खाली आली तर संशय. आणि निदान १५० मिली तरी झाली पाहिजे, नाहीतर टेस्ट धरत नाहीत.

आता ही टेस्ट दादाची कशी झाली ते ऐका. हॉस्पिटलचं नाव लिहित नाही, माणसं वाईट नव्हती, जागा वाईट होती. नळी काढल्यावर पंधरा दिवसांनी बोलवलं. एक लिटर पाणी प्या आणि लागली की सांगा. पॅसेजमध्ये बाकावर बसलो, समोर सोनोग्राफीची लाईन. दादाला लागली तेव्हा आत दुसराच पेशंट. तो बाहेर येईपर्यंत दादाचा चेहरा लाल. मग हा आत गेला तर दरवाजाची कडी बसेना, बाहेरून कोणीतरी वाजवलं, मावशी म्हणाल्या आजोबा लवकर आटपा, झालं, दादाचं सगळं आखडलं. ७० मिली. टेस्ट धरली नाही. परत पाणी, परत बाक. दुसऱ्यांदा ११० मिली. तिसऱ्यांदा दादा म्हणाला मला घरी न्या, मी कायमची नळी लावून घेतो पण हे नको. घरी आला, वाड्याच्या मोरीत गेला, आणि वहिनी म्हणाली आज बरी झाली की! औषध चालू होतं, धार सुधारलेली होती, ती फक्त त्या पॅसेजमध्ये दिसायला तयार नव्हती.

इथे मला फोनची बाजू पटते. स्वतःच्या घरी, स्वतःच्या वेळेला, कोणी दार वाजवत नाही, आणि एकदा नाही तर आठवडाभर दहावीस वेळा. दवाखान्यात एका धारेवर माणूस जोखला जातो. पुतण्या पुण्यात आयटीत आहे, तो लगेच म्हणाला काका मी अॅप टाकून देतो. म्हणलं थांब. तीन दिवस दे मला.

तर हे ते जारचं. वीस लिटरचा पाण्याचा जार, खाली नळवाला, स्पीकरच्या लोखंडी स्टँडवर कंबरेच्या उंचीला ठेवला. नळ असा सेट केला की २० सेकंदात ३०० मिली पडेल, म्हणजे सेकंदाला १५, दवाखान्यातला पास होणारा आकडा. मग तेच पाणी तेवढ्याच वेगाने कमोडमधल्या पाण्यात पाडलं, कमोडच्या कडेच्या उतारावर पाडलं, आपल्या बसायच्या संडासात पाडलं, मोरीच्या फरशीवर पाडलं, प्लास्टिकच्या बादलीत आणि वहिनीच्या तांब्याच्या घंगाळात पाडलं (तिला सांगितलं नव्हतं, हे पत्र छापलं तर कळेल). बाजूला डेसिबल मीटर, मिरवणुकीत पोलिसांशी वाद नको म्हणून घेतलेला, आणि शेल्फवर फोन. धार एकच, पण घंगाळात धबधबा, कमोडच्या पाण्यात दणका, कडेला नुसती सळसळ आणि फरशीवर तर पंखा चालू असेल तर काहीच नाही. कानाने ऐकणारा म्हणेल ही सहा वेगवेगळी माणसं आहेत, त्यातले दोन आजारी.

कारण पाण्यात पाणी पडतं तेव्हा जो आवाज येतो तो मुख्यतः आत कोंडलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो, मिनार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९३३ मध्येच दाखवलंय की बुडबुडा जेवढा मोठा तेवढा त्याचा सूर खाली. धार कशावर पडते, किती उंचीवरून पडते, खाली पाणी किती साठलंय, सगळ्याने बुडबुडा बदलतो. बायकांना हे वेगळं सांगायला नको, कळशी भरत आली की नळाकडे पाठ असली तरी कळतं, सूर चढतो. म्हणजे आपण ऐकतो त्यात माणूस अर्धा आणि भांडं अर्धं.

पुढची गंमत फोनची. नळ अर्धा बंद केला, मीटरवरचा काटा उतरला, पण रेकॉर्डिंग ऐकलं तर आवाज तेवढाच! फोन शहाणा असतो, बारीक आवाज आला की स्वतःच गेन, म्हणजे आवाज किती मोठा करून घ्यायचा ते, वाढवतो, मोठा आला की दाबतो, बोलणं नीट ऐकू यावं म्हणून. आणि एकसारखा सळसळ आवाज दिसला की त्याला पंखा किंवा ट्रॅफिक समजून पुसूनच टाकतो. बोलण्यासाठी उत्तम, पण आपल्याला मोजायची तीच सळसळ आहे ना. सभेत माईकवर असला ऑटोमॅटिक प्रकार लावला तर पुढारी कुजबुजला काय आणि ओरडला काय एकच. तेव्हा साध्या रेकॉर्डरवर घेतलेल्या आवाजावरून कोणी सांगत असेल की तुमची धार अमुक मिली आहे, तर त्याला आधी विचारा बाबा गेन कुठे लॉक केलास. चांगलं अॅप करणारे हे बघत असतील, सगळेच बघत असतील असं मला वाटत नाही.

पण जारनेच दुसरीही गोष्ट दाखवली, ती सांगितली नाही तर मी खोटा. फोन त्याच शेल्फवर, पंखा बंद, फ्लशची टाकी गळत नाही, पाणी रोज त्याच ठिकाणी पडतंय, असं केलं की किती वेळ चाललं, मधे कितीदा थांबलं, शेवटची ठिपठिप किती लांबली हे रेकॉर्डिंगमध्ये लख्ख दिसतं. जोर किती ते नाही, पण वेळ आणि थांबणं बरोबर. आणि वहिनीने भिंतीपलीकडून सांगितलं होतं तेही हेच होतं, वेळ आणि थांबणं! मिली तिला कुठे माहीत होते. म्हणजे दुसऱ्याच्या धारेशी तुलना करायला हा आवाज कच्चा आहे पण आपलीच चैत्रातली धार आणि आपलीच दिवाळीतली धार यांच्यात फरक पडला का हे सांगायला पक्का.

ज्याला फोन नको त्याच्यासाठी एक प्लास्टिकचा मापाचा मग आणि भिंतीवरचं घड्याळ. ३०० मिली २० सेकंदात, सरासरी १५. २०० मिलीला ४० सेकंद लागले तर सरासरी ५, आणि असं रोजच होत असेल तर कट्ट्यावर न बसता डॉक्टरकडे जा. ही सरासरी आहे, मशीन सांगतं ती सगळ्यात जोराची धार वेगळी, दोन्हीची गल्लत नको. किती वाजता किती झाली याची तीन दिवसांची वही केली तर डॉक्टर खूश होतात हे दादाच्या वेळी बघितलंय.

आता ज्याच्यामुळे खरं तर पत्र लिहायला बसलो ते. आमच्या भागात मागे एक मोफत शिबिर झालं, कोणाचं ते सोडा, तिथे कोपऱ्यात पडदा लावून फोनवर आवाज घेत होते आणि चिठ्ठी देत होते, "प्रोस्टेट अडथळा". शिबिर मंडपात, बाहेर जनरेटर, शेजारी माझ्याच जुन्या मित्राचे दोन कर्णे चालू. त्या पडद्यामागे पत्र्याची बादली होती साहेब. माझा शेजारी ती चिठ्ठी घेऊन आठ दिवस जेवला नाही, त्याला प्रोस्टेट म्हणजे कॅन्सर वाटला. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांची प्रोस्टेट वाढलेली असते आणि ही साधी वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, एवढं एक वाक्य त्या चिठ्ठीवर लिहायला काय झालं होतं. पुढे तपासणीत निघालं की प्रोस्टेट फार नाहीच, वीस वर्षांच्या डायबिटीसने मूत्राशयाचाच जोर गेलाय. आवाज सोडा, दवाखान्यातलं युरोफ्लोचं मशीनसुद्धा हे दोन वेगळे सांगू शकत नाही, पुढे नळी अडलेली आहे की मागे पंप थकलाय. धार दोन्हीकडे बारीकच. त्यासाठी मूत्राशयातला दाब मोजायची वेगळी टेस्ट असते, आणि लघवी झाल्यावर आत किती उरली ते सोनोग्राफीत बघतात. मुतखडा वरच्या नळीत अडकला असेल तर त्या बाजूची किडनी फुगते, पण दुसरी चालू असते, खाली धार मस्त. तो आवाजात सापडायचाच नाही. "मूत्रमार्गातला अडथळा ओळखतो" असं सरसकट छापताना हे सांगत चला.

माझी मागणी साधी आहे. आपल्याकडे दिंडोरी रोडला म्हसरूळला अख्खं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ पासून, राज्यभरची मेडिकल कॉलेजं ज्याच्याखाली. सिव्हिल हॉस्पिटल आहे. मागच्या सिंहस्थाच्या वेळी इथे कुंभथॉन, म्हणजे कुंभमेळ्यासाठी नवनव्या युक्त्या काढायचा उपक्रम झाला, अमेरिकेतल्या एमआयटीचे रमेश रासकर आपल्या नाशिकचेच, तेव्हा पोरांनी गर्दी मोजण्यापासून कायकाय करून दाखवलं होतं. आता परत सिंहस्थ तोंडावर आहे. तर जिथे पेशंटची युरोफ्लो होतेच आहे तिथे मशीनशेजारी फोन ठेवायचा, पेशंटला विचारून, आणि एकाच धारेची रेघ आणि आवाज दोन्ही जुळवून बघायचे. ज्यादा खर्च शून्याच्या जवळ. मग तेच बसायच्या संडासात, मोरीत, बादलीत, आणि बायकांचंही, कारण सिंगापूरवाले सगळे पुरुष होते आणि लघवीचा त्रास काही फक्त पुरुषांना नसतो. आवाज साठवू नका, रेघ काढली की आवाज पुसा, मोरीतलं रेकॉर्डिंग कोणाच्या सर्व्हरवर पडून राहावं असं कोणालाच वाटणार नाही, सुनेशी फोनवर भांडलेलंही त्यात येतं.

हे जमलं तर फायदा कट्ट्यावरच्या आम्हाला कमी, सुरगाणा-पेठकडच्या माणसाला जास्त. त्याला या मशीनसाठी दिवस मोडून नाशिकला यावं लागतं, मजुरी बुडते, म्हणून तो येतच नाही, थेट बंद झाल्यावर येतो. काहींचं तर दुखतही नाही, हळूहळू साठत जातं, थेंब थेंब गळतं, माणूस समजतो होतीये की, आणि मागे किडनी बिघडत असते. तिथल्या आरोग्य केंद्रात एक ठरलेलं भांडं, ठरलेल्या जागी फोन आणि बंद होणारी कडी असलेला दरवाजा, एवढं झालं तरी कोणाला पुढे पाठवायचं ते कळेल. कडी विसरू नका.

आणि लघवी पूर्ण बंद झाली, लाल झाली किंवा थंडी वाजून ताप आला तर रेकॉर्डिंग करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. सर्दीची गोळी घेताना मेडिकलवाल्याला सांगा की प्रोस्टेट आहे.

दादा बरा आहे, गोळी चालू आहे, ऑपरेशन लागलं नाही अजून. पुतण्याने अॅप टाकून दिलं तर दादाने ते दोन दिवस वापरलं आणि फोन मोरीच्या पाण्यात पाडला. वहिनी ऐकतेच आहे.

सिव्हिलने किंवा विद्यापीठाने खरंच मनावर घेतलं तर जार, स्टँड आणि मीटर घेऊन मी फुकट येईन. फक्त सकाळी ११ नंतर बोलवा, त्याच्या आधी बीपीची पाण्याची गोळी पोटात असते, पंचवटी ते म्हसरूळसुद्धा जमत नाही.

आपला,
एक जुना माईकवाला
पंचवटी, नाशिक